गुडघ्याला परवानगी

पुण्याच्या भाच्याचा निरोप आला. "मामा, रविवारी मामीला घेऊन या. आमच्या क्लबात जेवू, गोल्फ दाखवतो." निमंत्रण दीड ओळीचं. त्याला जोडलेली कपड्यांची नियमावली मात्र अंगठा दुखेपर्यंत मोबाइलवर सरकत राहिली. शर्टाला कॉलर हवी. टी-शर्ट असला तरी कॉलर हवी. शर्ट खोचलेला हवा. जीन्स नको, मग ती कितीही महागाची असो. ट्रॅकपँट नको. मांडीवर खिसे असलेली पँट नको. अर्धी पँट चालेल, पण ती नीट शिवलेली आणि गुडघ्याशी येऊन थांबणारी. चप्पल नको, सँडल नको. टोपी चालेल, पण ती मैदानावर. छपराखाली आलं की काढायची.

"इतकी चौकशी तर तुझ्या वडिलांनी मुलगा बघताना केली नव्हती," मी बायकोला म्हणालो.

"केली असती तर बरं झालं असतं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

शेजारचे निवृत्त मास्तर तेवढ्यात आले. आमच्या धाराशिवात कुणाच्याही घरी पत्र, पाहुणा किंवा भांडण आलं की मास्तर येतातच. त्यांनी नियमावली चष्मा पुसून वाचली.

"या खेळात पळायचं असतं का?"

"नाही. चालायचं."

"झोंबाझोंबी?"

"नाही."

"चिखल?"

"नाही हो. हिरवंगार गवत असतं."

"मग कपड्यांना एवढं कशाला भ्यायचं? आमची पोरं लंगोटावर कुस्ती खेळत्यात, त्यांना कुणी नियम दिला नाही."

मास्तरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तसं पाहिलं तर गोल्फला लागणारा बराच माल आमच्या जिल्ह्यात पडून आहे. भूम-परंड्याकडे नजर पोचत नाही इतकं माळरान आहे. अठरा खड्डे तर आमच्या गल्लीच्या तोंडापासून किराणा दुकानापर्यंतच भरतील. नाही ते फक्त गवत. तेवढं गवत बारा महिने हिरवं ठेवायला जे पाणी लागतं त्यात आमच्या अख्ख्या गल्लीची आंघोळ उरकून वर लग्नाची एक पंगत हात धुऊन जाईल.

निवृत्त कारकुनाला नियम दिसला की त्याचा मागील संदर्भ शोधावासा वाटतो. मीही वाचायला बसलो. गोल्फ स्कॉटलंडचा. समुद्रकाठच्या वाळूमिश्रित कुरणांवर तो खेळला जायचा आणि तिथे मेंढ्या चरायच्या. गार वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या अंग चोरून जिथे बसत तिथे खळगे पडले, आणि तेच पुढे खेळातले वाळूचे अडथळे झाले, असं सांगतात. म्हणजे मूळ मैदान मेंढ्यांनी आखलं. त्यांना कॉलर नव्हती आणि लोकर खोचलेलीही नव्हती.

मग माणसं आली. जुने गोल्फर लाल डगले घालत, कारण कुरणावर इतर लोकही हिंडत आणि चेंडू कुठून येतोय हे त्यांना दुरून कळायला हवं. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर गोल्फ खेळायचं असेल तर आजही अंगात लालच घालावं लागतं. हा नियम मला पटला. समोरच्याचा जीव वाचवणारा कपडा म्हणजे काहीतरी कामाचा कपडा. आमच्याकडे मात्र लाल शर्ट घालून कुणी समोर आला की आपण हातातली बॅग त्याच्याकडे देऊन फलाट क्रमांक सांगतो.

पुढे लोक चक्क गळ्यात टाय, अंगात जाड लोकरीचा कोट अशा थाटात खेळू लागले. खेळ सुटसुटीत झाला तसे कोट गेले, पण पोटऱ्यांचं काही सुटेना. जो खेळ जीन्सला दारात उभं करत नाही त्याच खेळातला जॉन डेली डोळे दिपवणाऱ्या रंगीबेरंगी विजारी घालून फिरतो आणि त्याला कुणी अडवत नाही. आमच्या बँडवाल्यांनीसुद्धा त्या विजारी घालायला जादा पैसे मागितले असते. पेन स्टुअर्ट तर गुडघ्याखाली चुण्यांनी बांधलेली विजार, लांब मोजे आणि सपाट टोपी घालून मोठमोठ्या स्पर्धा जिंकून गेला. अमेरिकेच्या पीजीए टूरवर पुरुष खेळाडूंना अर्धी पँट घालायची मुभा मिळाली ती २०१९ साली, आणि तीही फक्त सरावाच्या आणि हौशी खेळाडूंबरोबरच्या प्रो-ॲम फेऱ्यांत. सामना सुरू झाला की गुडघे आत! २०२२ मध्ये सौदी पैशावर निघालेल्या लिव्ह गोल्फने खुद्द सामन्यातही गुडघे खुले केले. आमच्याकडे एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असं म्हणतात. गोल्फवाल्यांना ती झाकून ठेवावीशी वाटत असेल तर आपण काय बोलणार.

आपल्याकडे हा खेळ साहेबाच्या सामानातून आला. १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला. पुढे ठिकठिकाणी क्लब निघत गेले, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुळात एतद्देशीयांनाच प्रवेश नसे. तेव्हा कपड्यांचा प्रश्नच नव्हता. कातडीवरच काम भागत होतं. मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनसाहेबांनी गोऱ्या-काळ्या सगळ्यांसाठी म्हणून विलिंग्डन क्लब काढला. कातडीची अट गेली. मग माणसाला अडवायला काहीतरी हवंच ना? १९८८ साली त्याच क्लबाच्या दारातून मकबूल फिदा हुसेन परत पाठवले गेले, कारण त्यांच्या पायांत काही नव्हतं. ज्या माणसाची चित्रं घ्यायला आतल्यांची रांग लागायची तो माणूस दाराबाहेर आणि कारण काय, तर तळपाय. तमिळनाडूत २०१४ साली याहून बहार झाली. चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबाने वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच दारात थोपवलं. तिथल्या विधानसभेने महिन्याभरात कायदा केला: वेष्टी नेसलेल्याला क्लबाने अडवलं तर परवाना रद्द, वर एक वर्षाचा तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड. तमिळ माणूस आपल्या काठाला किती जपतो बघा. आपल्याकडे धोतर नेसलेल्या माणसाला अडवलं तर आपण त्यालाच विचारू, "काका, घरी पायजमा नव्हता का?"

सरकारी नोकरीत मीही या प्रकरणातून गेलोय. ८ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाचं परिपत्रक निघालं. कार्यालयात जीन्स नको, टी-शर्ट नको, चपला नकोत, गडद रंगाचे विचित्र नक्षीचे किंवा चित्रांचे कपडे नकोत आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. आमच्या कार्यालयात हे परिपत्रक मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा वाचणाऱ्याच्या शर्टावर पोपट होते. शुक्रवारच्या खादीसाठी आम्ही वर्गणी काढून एक जाकीट आणलं. ते खुंटीवर असे. साहेबांनी ज्याला आत बोलावलं त्याने ते चढवून जायचं, बाहेर येऊन पुढच्याला द्यायचं. साहेबांना बरेच दिवस वाटत होतं की सगळ्या स्टाफने एकाच दुकानातून खरेदी केली आहे. काही महिन्यांनी शासनाने जीन्सला माफ केलं. टी-शर्टला मात्र केलं नाही. टी-शर्टाने शासनाचं काय बिघडवलंय हे मला निवृत्त होईपर्यंत समजलं नाही.

आता क्लबाची अट कॉलरची. धाराशिवातल्या दुकानात गेलो. "कॉलरचा टी-शर्ट दाखवा."

"कॉलर पाहिजे तर शर्टच घ्या की, साहेब."

"नाही. टी-शर्टच हवा, पण कॉलर हवी."

"कार्यक्रम काय आहे?"

"गोल्फ."

दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सहानुभूतीने वरच्या फळीवरचा माल काढला. पांढरा टी-शर्ट, निळी कॉलर, छातीवर घोडेस्वार. घोड्याला तीनच पाय होते, त्यामुळे किमतीत घासाघीस करता आली. घरी येऊन तो खोचला. खाली बघितलं तर पट्टा दिसेना. आरशात बघितलं तेव्हा पट्टा होता, पण तो कंबरेचा की पोटाचा यावर आमच्यात दोन मतं पडली.

शनिवारी भाचा गाडी घेऊन घ्यायला आला, तो बर्मुडा घालून. मांडीवर दोन्हीकडे खिसे, एकेका खिशात पायली-पायली ज्वारी मावेल असे. क्लबाचे कपडे म्हणजे परीटघडीची पँट आणि बूट गाडीत वेगळे होते. बायकोने बेत सांगितला: तुळजापूरला पहाटेचं दर्शन घ्यायचं, तिथून सोलापूरवरून पुणे.

"पण मामी, मी असाच येतो, चालेल ना?"

"या गुडघ्यांनी? आईच्या दारात?"

भाचा नव्या पिढीचा, त्याने मोबाइलमधून पुरावा काढला. मे २०२३ मध्ये तुळजाभवानी मंदिरात फलक लागले होते की अंगप्रदर्शन करणारे, असभ्य कपडे घालणाऱ्यांना आणि हाफ पँट, बर्मुडावाल्यांना प्रवेश नाही. बर्मुडाचा असा नावानिशी उल्लेख आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदाच झाला असावा. राज्यभर आरडाओरड झाली आणि काही तासांत फलक उतरले. कपड्यांचं कसलंही बंधन नाही, असं संस्थानने जाहीर केलं. सरकारी जीन्सला सुटायला महिने लागले, तुळजापूरच्या बर्मुडाला एक दिवसही लागला नाही. आईचा कारभार जलद आहे.

"बघ मामी. फलक उतरलाय."

"फलक उतरला असंल. मी उतरले नाही."

त्यावर अपील नव्हतं. पहाटे तुळजापुरात आमच्या पुजाऱ्यांच्या घरी गेलो. तुळजापुरात ज्याचा त्याचा पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. हात-पाय धुणं, चहा, नैवेद्य, सगळं त्यांच्याकडे. क्लबाची पँट कुंकवाने खराब होईल म्हणून भाच्याने ती तिथे खुंटीला टांगली, बूट उंबऱ्याशी ठेवले, आणि मी त्याला माझं धोतर नेसवायला घेतलं. कंपनीत शंभर माणसं हाताखाली असलेला हा मुलगा, त्याला निऱ्या धरता येईनात. शेवटी बर्मुडावरच धोतर गुंडाळलं आणि वरून पट्टा आवळला. पुढच्या बाजूने तो पेशवाईतला दिसत होता, मागच्या बाजूने बोचक्यातला.

मंदिराच्या पायऱ्या उतरत जायच्या असतात. दुसऱ्याच टप्प्याला धोतर सुटायला लागलं. भाचा एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने मोबाइल सांभाळत उतरत होता आणि त्याच्या बाजूने, कुणी न अडवता, एक सहा फुटी तरुण चक्क अर्ध्या चड्डीत, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, "आई राजा उदो उदो" म्हणत धडाधडा पुढे निघून गेला. भाच्याने मामीकडे पाहिलं. मामीने कळसाकडे पाहिलं.

पुजारी म्हणाले, "आईला सगळी लेकरं सारखी. धोतर तेवढं सांभाळा, पायरी ओली आहे."

दर्शन छान झालं. माझ्या कपाळाला भरगच्च मळवट लागला आणि थोडं कुंकू त्या तीन पायांच्या घोड्यावरही सांडलं, त्यामुळे तो जखमी वाटू लागला. सोलापूर गेलं, टेंभुर्णी गेलं, इंदापूरला चहा झाला, आणि मग भाच्याच्या लक्षात आलं की परीटघडीची पँट आणि बूट पुजाऱ्यांच्या खुंटीवर नि उंबऱ्याशी राहिले आहेत.

"असू दे," तो म्हणाला. "आमच्याकडे हाफ पँट चालते. ते मॉडर्न लोक आहेत."

"मग नियम कशाला पाठवलेस?" बायकोने विचारलं.

"ते पाहुण्यांसाठी."

क्लबाच्या फाटकावर गणवेशातला रखवालदार उभा होता. त्याने वाकून गाडीत पाहिलं. माझ्या कपाळाचा मळवट बघून त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"आईकडनं आलाव जणू? कुठलं गाव?"

"धाराशिव."

"मी वाशीचा. नव्या मुंबईची न्हाई, आपली." त्याने प्रसादासाठी हात पुढे केला. पेढा तोंडात टाकला, हात पुसले, मग नोकरीवर आला. माझी कॉलर बघितली, ठीक. खोचलेला शर्ट बघितला, त्यावर जरा जास्त वेळ घेतला, पण ठीक. कपाळाबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. बायकोची इरकल साडी तर त्याने बघितलीच नाही. साडीपुढे भारतातलं कुठलंच फाटक बंद होत नाही. मग भाच्याची पाळी आली.

"साहेब, तुम्हाला असं जाता येणार न्हाई."

"अरे, मी मेंबर आहे! हाफ पँट चालते की नाही? गुडघा बघ, बरोबर लेव्हलला आहे."

रखवालदाराने गुडघा प्रामाणिकपणे पाहिला. "गुडघ्याला परवानगी आहे, साहेब. खिशाला न्हाई."

"आणि हे काय?" त्याने पायांकडे बोट दाखवलं. पुजाऱ्यांच्या घरून निघताना घाईत भाच्याच्या पायांत माझ्या कोल्हापुरी चपला आल्या होत्या.

भाच्याने इंग्रजीत वाद घातला, मग मराठीत, मग फोनवर कुणाशी तरी. मी गाडीतलं धोतर सुचवलं. "धोतर तर मुळीच न्हाई," रखवालदार हळहळून म्हणाला. तुळजापुरात धोतराशिवाय मामी सोडत नव्हती, इथे धोतरासकट क्लब सोडत नव्हता. माझा भाचा एकाच दिवशी एकाच बर्मुडात दोन संस्कृतींना नकोसा झाला होता.

अशा जुन्या क्लबांत विसरभोळ्यांसाठी जादा कोट आणि टाय ठेवलेले असतात. विजारी ठेवलेल्या नसतात, कारण विजार विसरून कुणी येईल अशी कल्पना कुणी केलेली नसते. शेवटी गाव कामाला आलं. आमचा वाशीकर आत गेला आणि जेवणघरातल्या एका वाढप्याची जादा काळी पँट आणि काळे बूट घेऊन आला. पँट चार बोटं आखूड होती, पण खिसे जिथल्या तिथे होते. अंगातला त्याचाच कॉलरचा पांढरा टी-शर्ट, काळी पँट, काळे बूट. भाचा आत आला.

आतली शोभा काय वर्णावी. लांबच लांब हिरवळ, त्यावर गुलाबी, पोपटी, चौकड्यांच्या पँटी घातलेली वयस्क मंडळी संथपणे चालत होती. चेंडू मारण्यापेक्षा तो हुडकण्यात वेळ जास्त जात होता आणि हुडकायला दुसराच माणूस होता. जेवणघरात वाढप्यांच्या डोक्यावर तुरेदार फेटे होते, कंबरेला जरीचे पट्टे. मी इकडेतिकडे नीट पाहिलं. त्या सबंध दालनात फेटा घालून यायचा एकच रस्ता होता, हातात ट्रे धरायचा.

बायको व्हरांड्याच्या कठड्याशी उभी राहून हिरवळ न्याहाळत होती. वाशीकरही फाटकावरून ड्यूटी बदलून तिथे आला होता.

"एवढं गवत," ती म्हणाली, "अन् एक शेळी न्हाई."

"आपल्या जातीच्या शंभर तरी आरामात बसतील, मावशी," तो गंभीरपणे म्हणाला. त्याने हा हिशेब आधीच करून ठेवलेला होता हे उघड दिसत होतं. आमच्या उस्मानाबादी शेळीचं नाव जिल्ह्याचं नाव बदललं तरी बदललेलं नाही, आणि तिची भूकही. मी बायकोला सांगितलं की अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या अतिप्रतिष्ठित मैदानावर दुसऱ्या महायुद्धात खेळ बंद पडला तेव्हा खरंच गुरं चारायला सोडली होती. "बघा," ती वाशीकराला म्हणाली, "मोठ्या लोकांना उशिरा सुचतं, पण सुचतं."

इकडे भाच्याचे हाल चालले होते. तो आमच्यासाठी टेबल बघायला गेला तर एका टेबलावरून हाक आली, "दोन कोल्ड कॉफी!" त्याने खुलासा केला की आपण सभासद आहोत. त्या गृहस्थांनी आखूड काळी पँट पाहिली आणि मान डोलावली. "हो हो. साखर कमी." दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी त्याच्या हातात रिकाम्या बशा दिल्या. त्या खाली कुठे ठेवाव्यात हे न कळून तो त्या घेऊन हिंडू लागला, तसा आणखी तिघांनी हात वर केला. स्वयंपाकघराच्या दारात खऱ्या वाढप्याने त्याला सांगितलं की फेट्याशिवाय बाहेर फिरू नकोस, मॅनेजर ओरडतो.

मॅनेजर खरोखरच आले. सुटाबुटातले, अदबशीर. ते आमच्या दिशेने येताना मला दिसले आणि त्यांची नजर कुठे आहे तेही दिसलं. ती बायकोच्या पायांकडे होती. इरकलीच्या काठाखालून तिच्या रोजच्या चपलांची टोकं डोकावत होती. पायांत चप्पल नको, हा नियम नियमावलीत ठळक अक्षरांत होता. मॅनेजर टेबलाशी येऊन थांबले. त्यांनी खाली पाहिलं. बायकोने साडी पायांवर ओढून घेतली, काठ फरशीला टेकला आणि चपला दिसेनाशा झाल्या. आता त्या बघायच्या तर एका वयस्क, कपाळाला आईचं कुंकू लावलेल्या बाईला साडी वर घ्यायला सांगावं लागणार होतं, आणि अशी सोय कुठल्याच क्लबाच्या घटनेत नाही.

"काय पाहिजे?" बायकोने विचारलं.

"काही नाही, मॅडम," मॅनेजर म्हणाले. "आपण काही घेणार?"

"चहा घेईन की. बिनसाखरेचा."

मॅनेजरनी मागे न बघता, शेजारून चाललेल्या आखूड काळ्या पँटीला बोटाने खूण केली. चहा भाच्यानेच आणला.